वैऱ्याने उतरवलेले गिअर

सुज्ञ वाचकहो, माझ्या शर्यतीच्या सायकलीची विटंबना कोणी व का केली, ते येथे सत्य कथन करीत आहे.

अर्धांगवायूने माझा डावा पाय निर्जीव झाला, तेव्हा पत्नीने ती सायकल परस्पर बापू मुळीकच्या दुकानात धाडली. हा शर्यतीतील माझा जन्माचा वैरी! त्याने सर्व गिअर उतरवून मागे एकच चक्र पक्के आवळले. आता चाक फिरे तोवर पायडल थांबेना.

“चांडाळा, वाटोळं केलंस!” मी गरजलो.

“बोंबलू नको, बस वर.” त्याने माझा मेलेला पाय पायडलला पट्ट्याने बांधला व सीट धरली. “उजव्यानं रेट. डाव्याला पायडलच फिरवतंय बघ.”

मी रेटले. डावा पाय आपोआप वर आला, खाली गेला. सायकल चालू लागली व मी मान वळवून त्याला विचारले,

“माझी कीव करतोस होय रे?”

“तुझी? अरे, तुला एकदा तरी हरवल्याबिगर मला मरण यायचं न्हाई. रविवारी नाक्यावर ये.”

रविवारी त्या नीचाने मला हरवलेच. येत्या रविवारी मी त्याची गय करणार नाही.

आपण वाचलेत, आभारी आहे.
तातोबा खराडे, मिरज