पिस्टन कुठला घालायचा?

"आज पिस्टन ठरवा, नाहीतर इंजिनचा ब्लॉक घरी घेऊन जा," महादेव म्हणाला.

हुबळीच्या गोकुळ रोडवर त्याचं वर्कशॉप होतं. तिथं इंजिनांचे सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून नव्या मापाचे करून मिळत. पिस्टन कुठला बसवायचा ते कळल्याशिवाय सिलिंडर कुठल्या मापाला कापायचा हे ठरवता येत नाही. श्रीवत्सच्या जुन्या लाल गाडीचा ब्लॉक त्यामुळे इतका काळ कोपऱ्यात पडून होता, की वर्कशॉपातली मांजर त्याच्या आडोशाला व्याली होती.

श्रीवत्स धारवाडच्या कोर्टात वकील. तिथं त्याला एकच बाजू मांडायची असे. पिस्टनच्या खटल्यात मात्र दोन्ही पक्षांचं वकीलपत्र त्यानंच घेतलं होतं. महादेवनं टेबलावर दोन पिस्टन आणि त्यांना जोडायचे दोन कनेक्टिंग रॉड मांडून ठेवले होते. एक जोडी साधी, ओतीव. दुसरी घडीव, म्हणजे फोर्ज्ड. तिचा रॉडही चांगला जाडजूड. श्रीवत्स एक उचलायचा, कुरवाळायचा, खाली ठेवायचा आणि दुसरा उचलायचा.

आज त्याच्याबरोबर त्याची बायको आली होती. उत्तरा केशवापूरच्या एका शाळेत गणित शिकवायची. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं आणि अजून तिच्या ओट्याखाली डब्यांच्या जागी गिअरबॉक्स होता. "निकाल लागेपर्यंत मी इथून हलणार नाही," असं म्हणून तिनं स्टूल ओढलं होतं.

"घडीव घेतला तर मजबुती आहे," श्रीवत्स म्हणाला. "कितीही पळवा, तुटायचा नाही. पण तो तापल्यावर जास्त फुगतो. म्हणून बसवताना फट जास्त ठेवावी लागते. मग सकाळी थंड इंजिन टकटक वाजतं."

"बरं, मग ओतीव घ्या," उत्तरा म्हणाली.

"तो आवाज करत नाही. रोजच्या रस्त्याला उत्तम. पण जोरात पळवली तर टिकेल का?"

"मग घडीव घ्या."

"पण टकटक!"

महादेवनं हात पुसले आणि खुर्ची पुढं घेतली. "वकीलसाहेब, हे सगळं राहू दे. मला एकच सांगा. तुम्ही गाडी कशी चालवता? सावकाश चालवत असाल तर ओतीव पिस्टन आणि कंपनीचे जुने रॉड पुरेत. गिअर खेचून पळवत असाल तर घडीव सेट घालू. बोला."

श्रीवत्सनं खाली बघितलं. मग छताकडं बघितलं. मग मांजरीच्या पिल्लांकडं.

"म्हणजे तसं... दोन्ही," तो म्हणाला.

"दोन्ही कसं? उणकलच्या चढाला कुठला गिअर टाकता?"

श्रीवत्सनं घडीव पिस्टन उचलला, परत ठेवला. इंजिनातला एकेक बोल्ट त्याला ओळखीचा होता. पण कॉलेजात असताना त्या उणकलच्या चढावरच त्याची गाडी पहिल्यांदा आणि शेवटचं बंद पडली होती. मागं बस, तिच्यामागं ट्रक, ट्रकमागं सगळी हुबळी हॉर्न वाजवत होती. तो दार उघडून उतरला होता, आणि किल्ली गाडीतच सोडून थेट चालत घरी गेला होता. त्यानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. टेबलावरचं इंजिन बरं, असं त्याचं मत झालं होतं. त्याच्या मागं कोणी हॉर्न वाजवत नाही. आणि ते जोवर पूर्ण जुळत नाही, तोवर कोणी "चला, फिरवून आणा" असंही म्हणत नाही.

"मला गाडी येत नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की लेथ चालू असती तर कोणाला ऐकूच गेला नसता. पण लेथ बंद होती.

"अय्यो!" महादेव म्हणाला.

श्रीवत्सनं भीत भीत बायकोकडं वळून बघितलं. ती हसत होती.

"ठाऊक आहे मला," उत्तरा म्हणाली.

"कसं?"

"लग्नाआधी आईनं विचारलं होतं, गाडी चालवता का? तुम्ही म्हणालात, गाड्यांची फार आवड आहे. वकिलाचं उत्तर! लग्नानंतर काकांनी तुमच्यापुढं गाडीची किल्ली धरली, तर तुमचा पाय मुरगळला. मामांनी धरली, तेव्हाही मुरगळला. रोज धारवाडला जायच्या चिगरी बसमध्ये चढताना मात्र ठणठणीत."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. मग वाटलं, वाट बघता बघता आपण शिकून तरी घ्यावं."

श्रीवत्सला आधी कळलंच नाही. मग रोज सकाळी घाईघाईनं योगाच्या वर्गाला जाणारी, चटई घरी विसरून जाणारी उत्तरा त्याच्या डोळ्यांपुढं आली. तिनं पर्समधून नवंकोरं लायसन्स काढून टेबलावर, दोन पिस्टनांच्या मधोमध ठेवलं. त्यानं ते उचललं, फोटो बघितला, उलटून बघितलं. त्याला एकदम मोकळं मोकळं वाटलं. वर्षभराचं ओझं कोणीतरी अलगद उतरवून घेतलं होतं, आणि उतरवणारी वर चिडलीही नव्हती.

"गाडी तू चालवणार?" त्यानं विचारलं.

"इंजिन तुम्ही बांधा. चालवते मी."

महादेवनं दोन्ही पिस्टन श्रीवत्सच्या पुढ्यातून उचलले आणि उत्तरासमोर नेऊन ठेवले.

"मग अक्का, तुम्हीच सांगा. सावकाश चालवता का जोरात?"

उत्तरानं श्रीवत्सच्या हातून लायसन्स परत घेतलं.

"ड्रायव्हिंग स्कूलचे सर रोज हात जोडायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, मॅडम, जरा हळू, माझी मुलं लहान आहेत. घडीवच घाला."