चौदा किलो

बस टर्मिनसला लावून ड्रायव्हर खाली उतरला आणि समोरच्या बर्गरच्या दुकानाकडे पाठ करून उभा राहिला. पाठ फिरवून डोळ्यांचं भागत होतं, नाकाचं काय करणार? तळलेल्या बटाट्यांचा वास रस्ता ओलांडून नेमका त्यालाच गाठत होता.

अकरा वर्षं पाळी संपली की तो त्या दुकानात शिरायचा. दोन बर्गर, मोठे फ्राइज, वर गार कोला. काउंटरवरची बाई त्याला दारात बघूनच ट्रे लावायला घ्यायची. आता डब्यात उकडलेली फरसबी आणि एक सफरचंद.

"बंदच केली पाहिजेत असली दुकानं," शेजारी उभा असलेला कंडक्टर म्हणाला. "धडधाकट माणसाची पार वाट लावतात."

"दुकानदार काही माझ्या तोंडात कोंबत नव्हता," ड्रायव्हर म्हणाला. "मागवत मीच होतो. दिवसभर बूड न हलवता बसतही मीच होतो."

पहिला रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. लिव्हरवर चरबी चढली होती. वजन शहाण्णव.

"असं चालायचं नाही," ते म्हणाले होते. "चौदा किलो उतरवा. चार महिन्यांत. त्याहून जास्त वेळ आपल्याकडे नाही."

घरी येताना नवराबायकोनं वाटेतच फरसबी आणि सफरचंदं घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कंबर कसली. सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या. बायको शाल लपेटून बाकावर बसायची आणि फेऱ्या मोजायची. तो धापा टाकत थांबला की म्हणायची, "अहो, बसा जरा. जीव नका काढू." तो दोन घोट पाणी प्यायचा आणि पुन्हा सुटायचा.

ती घरी शिवणकाम करायची. महिन्याकाठी त्याची युनिफॉर्मची पँट कमरेत आत घ्यायची. जेवायला दोघांच्याही ताटात अळणीच. नवऱ्यासाठी हिनंही मीठ सोडलं, असं शेजारणी कौतुकानं सांगत सुटल्या होत्या.

"वहिनींनी तुला मरणाच्या दारातून ओढून आणलं बघ," कंडक्टर म्हणायचा. "तुझ्या काळजीनं निम्म्या झाल्या बिचाऱ्या."

ड्रायव्हर विषय बदलायचा.

तिसऱ्या महिन्यात काटा शहाऐंशीवर आला आणि तिथंच रुतून बसला. फेऱ्या वाढवल्या, ताट आणखी कमी केलं, पण काटा ढिम्म हलेना. एका रविवारी दुपारी बायको म्हणाली, "चला, तुमच्या त्या दुकानात जाऊन येऊ."

लग्नानंतर ती दर रविवारी त्याची पाळी सुटायच्या वेळी टर्मिनसवर यायची. खिडकीजवळचं टेबल ठरलेलं. ती त्याच्या ट्रेमधले फ्राइज हळूच आपल्याकडे ओढायची आणि पकडली गेली की तोंड भरलेलं असताना हसायची. त्या टेबलाशी बसल्याला आता वर्ष उलटून गेलं होतं.

आज तिनंच एक बर्गर आणला. त्याच्यासमोर ठेवला.

"खा."

"अगं, वेड लागलं का तुला?"

"किती तरसलायत, दिसतं मला. झोपेतसुद्धा तोंड हलतं तुमचं." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "तुम्ही खूप केलंत. नाही जमलं तर नाही जमलं. मी काही म्हणणार नाही. कधीच नाही."

वितळलेलं चीज पावाच्या कडेनं ओघळत होतं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण त्याला नुसता बर्गर नको होता. ती दुपार हवी होती, ते तोंड भरलेलं हसू हवं होतं. समोर बसलेल्या बाईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

त्यानं ट्रे बाजूला सारला.

"येऊ ना आपण परत. दोघं मिळून खाऊ. आज नाही."

ती खिडकीकडे वळली आणि शालीच्या टोकानं डोळे पुसत राहिली.

त्या दिवसापासून तो पाळी संपल्यावर बसनं घरी गेलाच नाही. सहा किलोमीटर चालत जायचा. आपल्याच मार्गावरच्या बसेस शेजारून जायच्या, ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून चिडवायचे. तो हात हलवायचा आणि पाय उचलायचा.

मुदत संपायला तीन दिवस असताना काटा ब्याऐंशीवर आला.

डॉक्टरांनी नवा स्कॅन समोर घेतला. एकदा पाहिला, पुन्हा पाहिला. ड्रायव्हरनं बायकोचा हात घट्ट धरला होता.

"शाबास," डॉक्टर म्हणाले. "लिव्हर अगदी स्वच्छ झालंय."

डॉक्टरांनी खुर्ची त्याच्या बायकोकडे वळवली.

"आता यांचं अर्धं लिव्हर तुम्हाला बसवता येईल, बाई. सोमवारी दाखल व्हा."