रेषेबाहेरचे ठिपके

तिच्या स्वयंपाकघरात आधणावरचं झाकण खडखडलं. सरांनी घसा खाकरला. ती जागची हलली नाही. मांडीवर तिची लेक चिमणी पेंगत होती आणि समोर टेबलावर आलेख पसरला होता.

सरांच्या संस्थेतली प्रयोगाची भट्टी सगळीकडून बंद. एका बाजूला सुईएवढं भोक, एरवी काळंकुट्ट. भट्टी तापली की त्याच भोकातून उजेड यायचा आणि ती तो रंगारंगाने मोजायची. कुठल्या रंगाचा उजेड किती, हे सांगणारं सरांचं सूत्र निळ्याकडे तंतोतंत बसायचं. पण तांबड्याच्या पलीकडे, जिथे उजेड संपून नुसती धग उरते, तिथे तिचे ठिपके सरांची रेष सोडून वर चढायचे.

"एवढे शेवटचे खोडून टाक," सर म्हणाले. "घरात लेकरू, डोळ्यांत झोप. ठिपके इकडेतिकडे व्हायचेच."

"झोप उडालीय सर, नजर नाही."

"मग कारण सांग की!"

"ऊर्जा धारेसारखी सलग येते असं धरलं, की गणित चुकतं. पुंजक्यापुंजक्यांनी येते असं धरलं, की एकूण एक ठिपका जागेवर बसतो."

"पुंजके!" सर खो खो हसले. "म्हणजे देवाने धग चिमटीचिमटीने वाढायला घेतली म्हण की! पोरी, माझं सूत्र जगभर शिकवतात. खोड, नाहीतर भट्टीच्या खोलीची किल्ली इथे ठेव."

चिमणी पोटात होती तेव्हापासून ती त्या भट्टीसमोर बसत आली होती. ती खोली गेली, की उरणार हे आधण आणि ही चार भांडी.

तिने किल्ली काढली आणि आलेखावर, बरोब्बर सरांच्या रेषेवर ठेवली.

"घेऊन जा. उद्या दुसऱ्या कुणी भट्टी पेटवली, तरी ठिपके तिथेच पडणार आहेत. किती जणांच्या किल्ल्या काढून घ्याल?"

सरांनी किल्ली खिशात टाकली. ते दाराशी जाऊन जोडे घालू लागले.

सरांच्या हसण्याने जागी झालेली चिमणी इतका वेळ ऐकत होती.

"आई, एक पुंजका येऊन गेला, दुसरा अजून यायचाय. मग मध्ये काय असतं?"

लेकीला जवळ घेत तिने आलेखावर दोन ठिपक्यांमधल्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

दारात सर, एका पायात जोडा घालून, तिच्या उत्तराची वाट बघत उभे होते.