वाकड्या मानेचा नवस

शेवंताबाईने कोंबडीला पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं, डाव्या हाताने तिची पिळवटलेली मान सरळ धरली आणि चोचीत औषधाचा थेंब सोडला. पंधरा दिवस हेच चाललं होतं. भिजवलेली नाचणीही ती दाणा दाणा भरवत होती.

"माझ्या आजारपणात पेज तरी अशी भरवलीस का गो?" ओसरीवरून नवरा, रावजी, म्हणाला.

"तुम्ही अंडी घालता?"

सोळाव्या दिवशी कोंबडी मान ताठ ठेवून अंगणभर हिंडली. शेवंताबाईचे डोळे भरून आले. रावजी मात्र डोकं खाजवू लागला. "एक घोटाळा झालाय. मी गावच्या राखणदार देवाला नवस बोललो होतो. हिची मान सरळ कर, तुला घरची कोंबडी देईन."

"घरात कोंबडी एकच आहे!"

"ते मागाहून ध्यानात आलं."

"म्हणजे मान सरळ झाली म्हणून ती कापायची?"

"बोललेला नवस फेडायला नको? मान सरळ झाली, देवाने बघितलंय."

शेवंताबाईने मूठभर नाचणी नवऱ्याच्या पायाशी टाकली. कोंबडी धावत आली आणि टिपण्याआधी, सगळ्या कोंबड्या बघतात तशी, मान वाकडी करून एका डोळ्याने रावजीकडे बघत उभी राहिली.

"बघा," शेवंताबाई म्हणाली, "कुठे सरळ झालीय?"

रावजीनेही मान तिरकी करून नीट निरखलं.

"खरंच गो," तो सुटकेचा श्वास टाकत म्हणाला, "बरीच वाकडी आहे अजून."