बधिर होईपर्यंत

नर्सने लेकीचा चेहरा धुतला, गालावरच्या भाजल्याच्या व्रणांचे फोटो काढले, बधिर करणारं मलम थापलं. "अर्ध्या तासाने लेझरला घेऊ. तोवर रडू-बिडू नका, मलम डोळ्यांत जाईल," असं बजावून ती गेली. शेजारी आई पर्स कवटाळून बसली होती. लहानपणी लेकीने आधणाचं पातेलं अंगावर ओढून घेतलं, असंच ती जगाला सांगत आली होती. लेकही आजवर स्वतःच्याच वांडपणाला बोल लावत होती. गाल बधिर होताच आई पुटपुटली, "तू ओढलं नव्हतंस गं. रडायची थांबत नव्हतीस, माझं डोकं फिरलं. मीच भिरकावलं. आता डाग जाणारच आहेत, म्हणून सांगितलं." लेकीने पापणीही हलू दिली नाही. नर्स फॉर्म घेऊन आली. "घरी न्यायला कोण आहे?" आईने सहीसाठी हात पुढे केला. "कोणी नाही," लेक म्हणाली, "एकटीच आलेय."