खलातलं सोनं

"अगदी मैद्यासारखं घोटलंय, ताई," लॅबमध्ये नवा आलेला उज्ज्वल म्हणाला आणि त्याने खल पुढे केला.

कीर्तीने आत पाहिलं. सोनं आणि गंधक यांच्या संयुगाचे स्फटिक तिने हिवाळाभर फ्रीजमध्ये जपून वाढवले होते. त्यांचं पीठ झालं होतं.

"एक्स-रेला द्यायला सांगितलं होतं मी. अख्खे!"

"आमच्या नांदेडला एक्स-रेला पावडरच द्यायचो. सर म्हणायचे, बोटाला कण लागला तर परत घोट."

"इथे अख्खा लागतो रे, गाढवा! रेणू कसे रचलेत ते त्यातूनच कळतं."

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या त्या लॅबमध्ये कीर्तीहून जुनं फक्त सिंक होतं. ही रचना कळली की थीसिसचं शेवटचं प्रकरण संपणार होतं. इंगोलश्टाट शहरातली नोकरी तिच्यासाठी आणखी थांबणार नव्हती.

कुपीच्या तळाशी एक स्फटिक चिकटून राहिला होता. एक्स-रेला एक पुरतो. तिने श्वास सोडला आणि सवयीने यूव्ही दिवा लावला.

स्फटिक हिरवा चमकला. खलातली पूड नारिंगी.

"ताई, पदार्थ तोच ना?"

"तोच. घोटल्याने रेणू सरकले, सोन्याचे अणू जवळ आले. म्हणून रंग बदलला." हे बोलता बोलता तीच थांबली.

"म्हणजे नवीनच सापडलं की! प्रोफेसरांना सांगू?"

प्रोफेसर भले गृहस्थ होते. नवीन काही दिसलं की त्यांना आनंद होई, आणि त्या आनंदाचं एक प्रकरण कीर्तीच्या थीसिसला जोडलं जाई. तिसरं आणि चौथं तसंच आलं होतं.

बाहेर त्यांच्या चपला वाजल्या. कीर्तीने खलातल्या पुडीवर ईथरचे चार थेंब सोडले. ओल लागताच रेणू जागेवर बसू लागले असावेत. नारिंगी विझत गेलं, हिरवं परतलं.

"आल्झो, तर मग काय म्हणतोय आपला पदार्थ?" प्रोफेसरांनी दारातूनच विचारलं.

"हिरवा आहे. होता तसाच."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत ते कॉफीकडे गेले.

कीर्तीने दिवा बंद केला. "तुला पीएच.डी.ला विषय मिळत नव्हता ना? मी गेले की एकदा चुकून घोट."

"पण ताई, शोध तुमचा आहे हा."

"तुझाच आहे," ती स्फटिक चिमट्यात धरत म्हणाली. "मी नुसती ओरडले."