पासष्ट टक्के

धामणकर सराफांनी साखरपुड्याच्या अंगठीसोबत हिऱ्याचा दाखला पुढे ठेवला. शाल्मलीने आधी दाखलाच वाचला. सराफांच्या काचेच्या खोलीत जोडप्याने तासभर गप्पा मारायच्या. बोलताना सुटलेल्या श्वासातल्या कार्बनपासून यंत्र हिरा घडवायचं, आणि कुणाचा वाटा किती तेही छापून द्यायचं. शाल्मली एकतीस टक्के. होणारा नवरा हृषीकेश चार. उरलेले पासष्ट त्याच्या आईचे, कुमुदकाकूंचे.

"मी मेली कोपऱ्यात बसले होते गं," काकू म्हणाल्या. कोपऱ्यातून त्यांनी लग्नाचा हॉल, पंगतीतला मठ्ठा आणि पहिल्या नातवाचं नाव एवढंच ठरवलं होतं.

"दुसरा करून देतो," सराफ चष्मा पुसत म्हणाले, "फक्त काकूंनी बाहेर चहा घ्यावा."

"काही नको! चांगला लखलखतोय की."

शाल्मली हृषीकेशकडे वळली. "तुला काय हवंय? तू सांग."

त्याने तोंड उघडलं.

"त्याला हाच आवडलाय," काकू म्हणाल्या.

त्याने तोंड मिटलं. शाल्मलीने अंगठी उचलून काकूंच्या तळहातावर ठेवली.

"तुम्हीच घाला, काकू. जमलंय ते तुमचं दोघांचंच."